देवीच्या वायरीवर

मी एक जुना फिशफाइंडर आहे, होडीवरून मासे शोधायचं यंत्र. जुना म्हणजे फार नाही, सहा-सात वर्षांचा. पण माझी डावी बाजू जळून काळी पडली आहे, पडद्याला आडवी चीर गेली आहे आणि पाठीमागच्या लाल वायरीचा वितळून गोळा झाला आहे. पावण्याच्या एमआयडीसीत एका लहानशा वर्कशॉपच्या टेबलावर मी पडून असतो. येणारे-जाणारे माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवतात. ठेवू देत. मला आता कशाचाच राग येत नाही, असं मी सगळ्यांना दाखवतो. पण मित्रांनो, ते खरं नाही.

मुळात माझा जन्मच आदळआपट करण्यासाठी झाला. मला दोन अंगं होती. पडद्याचं अंग होडीच्या केबिनमध्ये आणि मुठीएवढं दुसरं डोकं होडीच्या तळाला, कायम पाण्यात. त्या खालच्या डोक्यातून मी पाण्यावर आवाजाचे घाव घालायचो, एका मागोमाग एक, दिवसभर. घाव समुद्राच्या तळावर आपटून परत यायचा. वाटेत मासे असले तर त्यांच्या अंगावर आपटून यायचा. परत आलेल्या घावावरून मी पडद्यावर चित्र काढायचो, की खाली खडक आहे, इथे चिखल आहे, आणि मधल्या पाण्यात माशांचा मोठा थवा चालला आहे. माणसांना माझे घाव ऐकू येत नाहीत, म्हणून लोक मला गरीब स्वभावाचं यंत्र समजायचे. मासे तसं समजत नसावेत.

कारखान्यातही माझी सुरुवात मारानेच झाली. तयार होताच मला भट्टीत तापवलं, पाण्यात बुडवलं, हलत्या फळीला बांधून तासभर गदागदा हलवलं आणि शेवटी उंचावरून सिमेंटवर टाकलं. एवढं होऊनही मी चालू राहिलो तेव्हा माझ्यावर 'पास'चा शिक्का बसला. मग खोक्यातून फिरत फिरत मी नवी मुंबईत आलो, दिवाळे गावच्या 'रत्नदीप' नावाच्या होडीसाठी.

रत्नदीपचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते बाळाराम. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. त्यांची बायको बायजा बाजारात मासळी विकायची. त्यांचा मुलगा धनेश पंचविशीचा होता आणि मला विकत घेण्याचा हट्ट त्याचाच. बाळाराम म्हणायचे की पाण्याचा रंग बघून त्यांना मासळी कळते, भिंतीवर टीव्ही टांगायची गरज नाही. पण एकुलत्या एक मुलापुढे त्यांचं काही चालायचं नाही. धनेशवर त्यांचा फार जीव होता आणि तो ते कधी बोलून दाखवायचे नाहीत.

मला बसवायला आला कृष्णात. मूळचा साताऱ्याकडचा, राहायला कोपरखैरण्याला, वर्कशॉप पावण्याला, हेच ते. होड्यांवर यंत्रं बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ते त्यालाही चांगलं ठाऊक होतं. कामाला हात लावण्याआधी तो बोटातली लग्नातली अंगठी काढून खिळ्याला अडकवायचा. वीजवाल्याने अंगावर धातू ठेवू नये, हा त्याचा नियम होता.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस होते. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. माझ्या डोक्यासाठी तळाला भोक पाडावं लागणार होतं, आणि ड्रिल फिरायला लागलं तसे बाळाराम मुठी आवळून कृष्णातच्या मागे उभे राहिले. जी होडी बाप-लेकाला समुद्रावर तारून नेते तिच्या पोटात परका माणूस लोखंड घुसवतो आहे, हे त्यांना बघवत नव्हतं. लाकडाचा भुगा उडत होता. ड्रिल आरपार गेलं तेव्हा बाळारामांनी कृष्णातच्या खांद्यावर एवढ्या जोरात हात ठेवला की तो पुढे कलंडला. भांडणाला तिथेच सुरुवात झाली.

खरं भांडण पेटलं ते बॅटरीवरून. रत्नदीपच्या केबिनमध्ये एकवीरा आईची तसबीर होती आणि तिच्यापुढे एक लाल दिवा. बाळारामांचे वडील गोटीराम यांनी तो लावला होता. एका वर्षी वादळात तो दिवा विझला आणि त्याच फेरीत गोटीरामांचा सख्खा भाऊ बुडाला. तेव्हापासून त्या घराने ठरवलं की होडीवरचा देवीचा दिवा कधी विझू द्यायचा नाही. म्हणून त्याची वायर थेट बॅटरीला जोडलेली होती, मेन स्विचला वगळून. मेन स्विच बंद केला की होडीतलं सगळं बंद व्हायचं, फक्त देवीचा दिवा जळत राहायचा. दिवाळ्यातल्या कुणालाही यात काही वावगं वाटत नव्हतं.

कृष्णातने ती वायर पाहिली आणि कपाळाला हात लावला. माझ्या वायरीला बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज बसवायला हवा होता, म्हणजे काही बिघडलं तर फ्यूज जळेल आणि होडी वाचेल. त्यासाठी बॅटरीच्या वायरी दहा मिनिटं सोडवाव्या लागणार होत्या.

बाळाराम म्हणाले, "बत्ती इझवायची नाय. बापानं लावलेली हाय. बाकी तुला काय करायचं ता कर."

"दादा, चालू लाईनवर फ्यूज बसवनं बरं न्हाई. दहा मिनिटं अंधार झाला तर देवी काय कोपनार हाय का?"

हे शेवटचं वाक्य कृष्णातने बोलायला नको होतं. बाळारामांनी त्याची कॉलर धरली. धनेश मध्ये पडला म्हणून हात उठला नाही. कृष्णातचा चेहरा लाल झाला होता. मग चालू लाईनवरच करतो, बघा, असं म्हणून तो पाना घेऊन इंजिनच्या खणात उतरला. आणि रागाच्या भरात अंगठी खिळ्याला अडकवायला विसरला.

मित्रांनो, बारा व्होल्टच्या बॅटरीचा झटका बसत नाही, म्हणून लोक तिला खेळणं समजतात. पण तिच्या पोटातली वीज इंजिन फिरवणारी असते. कृष्णातचा पाना बॅटरीच्या बोल्टवर होता आणि अंगठी पान्याला टेकलेली. हात जरासा निसटला आणि अंगठीची दुसरी बाजू इंजिनच्या लोखंडाला लागली. निळा भडका उडाला. अंगठी क्षणात लालभडक झाली आणि बोटात रुतत गेली. कृष्णात गुरासारखा ओरडला. मांस जळल्याचा वास खणातून वर केबिनपर्यंत आला. बायजा पाण्याची कळशी घेऊन धावली, धनेशने त्याचा हात मांडीखाली दाबून धरला आणि पकडीने अंगठी कापून काढली. तिच्याबरोबर कातडीही निघाली.

शहाण्या माणसाने तिथेच काम थांबवलं असतं. कृष्णात थांबला नाही. जळक्या हाताला फडकं गुंडाळून त्याने दुसऱ्या हाताने माझी लाल वायर ओढली. मेन स्विचचं पॅनल खणाच्या पलीकडच्या टोकाला होतं आणि देवीची वायर नाकासमोर. त्याने माझी वायर देवीच्या वायरीलाच पिळून जोडली, वर काळी टेप गुंडाळली आणि उरलेली वायर इंजिनवरून तशीच लोंबती वर आणली. क्लिपा मारल्या नाहीत. फ्यूज बसवला नाही. दोन दिवसांत येऊन बसवतो, एवढंच धनेशला सांगून तो निघून गेला. माझा पडदा उजळला, होडी पाण्यात गेल्यावर तळाचा चिखल मला पहिल्यांदा दिसला, आणि मी इतका हरखलो की आपल्याला कशाला टांगलं आहे याचा मी विचारच केला नाही.

कृष्णात परत आला नाही. बोलावणं आलं तर जाईन, असं तो म्हणत राहिला. बाळाराम म्हणत राहिले, ज्याने काम अर्धवट सोडलं त्याने यावं. असे दोन हंगाम गेले.

ते दोन हंगाम माझ्या आयुष्यातले सुखाचे. मी थवा दाखवायचो, जाळं पडायचं, मासळी वर यायची. फळीवर तडफडणारे, शेपट्या आपटणारे, एकमेकांना चिरडत कल्ल्यांची उघडझाप करणारे मासे मी केबिनच्या दारातून बघायचो. ते माझ्यामुळे मरत होते हे मला कळत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटत होता. एकदा मी पाण्याखालचा खडक वेळेवर दाखवला आणि होडी फुटता फुटता वाचली. त्या दिवशी बाळारामांनी देवीला हार घातला आणि उरलेली दोन फुलं माझ्या डोक्यावर ठेवली. तसा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी माझा पडदा थरथरू लागला. मध्येच अंधार, मध्येच उजेड. खाली इंजिनच्या हादऱ्याने माझ्या लोंबत्या वायरीचं वरचं रबर झिजत चाललं होतं आणि आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटत होत्या. वीज अपुरी पडली की ओरडायचं, हे मला कारखान्यातच शिकवलेलं. मी तीन दिवस बीप बीप करून ओरडलो. खलाशी वैतागले. बाळारामांनी मला सणसणीत चापट मारली. योगायोगाने पडदा सरळ झाला, आणि मग ज्याला त्याला तो उपाय सापडला. येता-जाता जो तो मला चापटा मारू लागला. शेवटी धनेशने बटणं दाबून माझा आवाज बंद करून टाकला.

ती दुपार होती. उरण मागे पडलं होतं, वारा पडलेला, जाळं पाण्यात. माझी झिजलेली वायर इंजिनच्या लोखंडाला टेकली आणि चिकटून बसली. फ्यूज असता तर तो मेला असता आणि गोष्ट संपली असती. तो नव्हता. बॅटरीतली सगळी वीज त्या बारक्या वायरीतून धावली, वायर टोकापासून टोकापर्यंत लाल झाली, तिच्यावरचं रबर पेटलं आणि खाली पडलेल्या डिझेलच्या चिंध्यांनी भडका घेतला. माझ्या पाठीतून आग आत शिरली. माझी डावी बाजू वितळू लागली. आवाज बंद होता, ओरडायचं कसं?

धुराचा पहिला लोट वर आला तसा बाळारामांनी मेन स्विच खाली ओढला. लगेच धनेश ओल्या गोणपाटासह खणात उतरला आणि त्याने वर विचारलं, वीज तोडली का.

"मेन बंद हाय! वायर खेच!" बाळाराम ओरडले.

बापावर विश्वास ठेवून धनेशने धुरात चाचपडत माझी लाल वायर उघड्या हाताने मुठीत धरली. तो हात पुन्हा उघडला नाही. तापलेलं तांबं त्याच्या तळव्यात शिरलं आणि तिथेच रुतलं. त्याची किंकाळी मी ऐकली आहे, मित्रांनो. आजपर्यंत मी लाखो घाव घातले, पण परत येऊन मला लागलेला घाव तेवढा एकच. धूर नाकातोंडात जाऊन तो इंजिनच्या कडेला कोसळला, आणि ज्वाळा त्याच्या पायांकडे सरकू लागल्या.

बाळाराम खणाच्या तोंडाशी आले. मेन बंद असताना वायर अजून ठिणग्या का टाकते आहे, हे त्यांना समजेना. त्यांनी मदतीसाठी देवीकडे मान वळवली, आणि दिवा पाहिला. होडीतलं बाकी सगळं बंद होतं, इंजिन बंद पडलं होतं, आणि देवीपुढचा लाल दिवा फडफडत का होईना, जळत होता. त्या दिव्याकडे बघून त्यांना कळलं, की माझी वायर देवीच्याच वायरीवर आहे, मेन स्विचच्या बाहेर. मीही तिथेच होतो, दिव्यापासून हातभर अंतरावर. त्या माणसाचा चेहरा मी तेवढ्या वेळात म्हातारा होताना पाहिला.

त्यांनी कोयता उचलला आणि खणात उडी मारली. माझी वायर आगीत होती, तिच्यापर्यंत हात पोचत नव्हता. बॅटरीच्या तोंडाशी हाताला येत होती ती फक्त देवीची. बाळारामांनी डोळे मिटले, "आई, माफ कर" म्हणाले आणि घाव घातला. एक, दोन, तीन. तिसऱ्या घावाला दिवा विझला, आणि ठिणग्याही थांबल्या. मग खलाशांनी ओली गोणपाटं टाकून, रेतीच्या बादल्या ओतून आग दाबली. बाळारामांनी मुलाला बगलेत धरून वर ओढलं. धनेशच्या मुठीतून अजून धूर येत होता.

दुसऱ्या होडीने त्यांना ओढत किनाऱ्यावर आणलं. धनेश जगला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मात्र आखडून तळव्याशी चिकटून राहिली.

पुढचा पंधरवडा बाळाराम होडीकडे फिरकले नाहीत. बापाने लावलेला दिवा आपण तोडला, आता देवी मुलाला ठेवणार नाही, ही भीती त्यांना खात होती. एका सकाळी त्यांनी होडीवर येऊन मला भिंतीवरून उपटलं. स्क्रू काढले नाहीत, फळीसकट उपटलं. माझ्या तोंडावर टाच मारली, ती ही चीर. मग एका हातात मला आणि दुसऱ्या हातात तोच कोयता घेऊन ते रिक्षात बसले. बायजाने ते पाहिलं आणि ओघळणारा पदर सावरत ती धावत येऊन त्याच रिक्षात चढली. सगळ्या वाटेत तिने कोयत्याची मूठ सोडली नाही.

वर्कशॉपमध्ये कृष्णात एकटा होता. बाळारामांनी मला या टेबलावर आपटलं. कोयता बायजाच्या हातात राहिला होता, म्हणून त्यांनी हातानेच मारलं. पहिल्या तडाख्याला कृष्णात कपाटावर आदळला, दुसऱ्याला त्याचा ओठ फाटला. त्याने हात वर केला नाही. रक्त पुसत तो उठला, टेबलाचा खण उघडला आणि एक कागदी पुडी काढून बाळारामांपुढे ठेवली. पुडीवर पेनाने लिहिलं होतं, 'रत्नदीप, दिवाळे'. आत फ्यूज होता.

"त्याच आठवड्यात आनला हुता, दादा," तो म्हणाला. "रोज दिसायचा. म्हनायचो, त्यांनी बोलवावं. मारा अजून."

कृष्णातने आपला जळलेला हात पुढे केला तेव्हा अंगठीच्या जागी बोटाभोवती गेलेला पांढरा वळ दिसत होता. बाळाराम त्या पुडीकडे बघत राहिले. त्यांना आता कुणाला मारायचं ते सुचेना. ते खाली लादीवर बसले आणि मोठ्याने रडू लागले. आईची बत्ती मी माझ्या हातानं तोडली, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

बायजाने कोयता दाराबाहेर ठेवला आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. "यानं फ्यूज नाय बसवला, तुमी बत्ती नाय इझू दिली. दोघांनी मिलून पोराचा हात जालला, आईनं नाय. आईच्या देवलाचं दार रोज दुपारी बंद करतान. तवा ती कोपते का? निजते. होडीवर घडीभर निजली असती तर काय बिघडनार होतं?"

बाळारामांनी डोळे पुसले आणि पुडी उचलून कृष्णातच्या हातात दिली. शेजारच्या गाळ्यातली मशीन चालूच होती.

पुढच्या आठवड्यात कृष्णात दिवाळ्याला गेला. नव्या यंत्राच्या स्क्रूची भोकं जुन्याशी जुळवायला त्याने मलाही पिशवीत घालून नेलं, म्हणून शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलं. देवीचा दिवा पुन्हा जोडलेला होता. कृष्णातने अंगठी नसलेलं बोट सवयीने चाचपलं आणि तो नुसता उभा राहिला. बायजाने तसबिरीवर आणि दिव्यावर चोळीचा हिरवा खण पांघरला. मग बाळाराम स्वतः इंजिनच्या खणात उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बॅटरीची वायर सोडवली. हिरव्या कापडाखालचा लाल उजेड गेला. 

"आई निजली हाय," बाळाराम खालून म्हणाले. "आता लाव हात."

पुडीतला फ्यूज त्या दिवशी जागेवर बसला. देवीची वायरसुद्धा मेन स्विचवरून गेली. माझ्या जागी नवा, मोठ्या पडद्याचा फिशफाइंडर लागला आणि मी पिशवीत परत आलो. मला वाईट वाटलं, का वाटू नये? धनेशला आता जाळं ओढता येत नाही. तो सुकाणू धरतो आणि त्या नव्या यंत्रावर नजर ठेवतो. कधी पावण्याला आला की माझ्या जळक्या बाजूवर तो आपला न उघडणारा हात ठेवतो. चापट मारत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझी भावंडं आहेत. त्यातलं एखादं लुकलुकायला लागलं, कुरकुरायला लागलं, तर त्याला मारू नका. आधी वीज तोडा, खरंच तुटली का ते बघा, आणि मग विचारा त्याला काय होतंय ते. काम अर्धं टाकून रुसून बसला असाल तर आजच जा, बोलावण्याची वाट बघू नका. मी तीन दिवस ओरडत होतो. त्यांनी माझा आवाज बंद केला, आणि वीज चालू ठेवली.